माजलेले रान मोकळे करताना: चालत चालवायच्या ब्रश मोवरचा वापर

चार-पाच वर्षे हात न लागलेल्या जमिनीवर गवत कमरेपर्यंत वाढते, गवतात झुडपे घुसतात, झुडपांवर वेली चढतात आणि शेवटी आत पाऊल टाकायला जागा उरत नाही. असे रान कोयत्याने साफ करायला दिवसच्या दिवस लागतात, खांद्यावरच्या ब्रश कटरने पाठ भरून येते, आणि झाडांच्या मधून किंवा अरुंद बांधावरून ट्रॅक्टर वळत नाही. अशा ठिकाणी चाकांवर चालणारे, मागून हँडल धरून चालवायचे ब्रश मोवर उपयोगी पडते. हे यंत्र ताकदवान असले तरी ते समोर काय आहे हे ओळखत नाही. ओळखण्याचे काम चालवणाऱ्याचे असते आणि ते बहुतांशी इंजिन सुरू होण्यापूर्वीच करायचे असते.

यंत्र नेमके काय करू शकते

हिरवळ कापायच्या लॉन मोवरपेक्षा हे यंत्र बरेच वेगळे आहे. त्याचे पाते जाड, जड पोलादाचे असते, पात्यावरचे आवरण भक्कम असते, चाके मोठी आणि खोल नक्षीची असतात, आणि यंत्र स्वतःच्या ताकदीने पुढे-मागे जाते. कापणीची रुंदी साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर असते. गवत व तण सहज कापले जाते आणि यंत्राच्या ताकदीनुसार सुमारे ५ सेंटिमीटर, काही मोठ्या यंत्रांत ७ सेंटिमीटर जाडीपर्यंतची रोपटी आडवी होतात, असे उत्पादक सांगतात. मी स्वतः हा आकडा निम्मा धरून चालतो, कारण धार उतरलेले पाते आणि कठीण लाकूड यांची गाठ पडली की छापील आकड्याला फारसा अर्थ राहत नाही.

एकदाच साफसफाई करायची असेल तर यंत्र भाड्याने घेणे शहाणपणाचे ठरते. मात्र भाड्याच्या यंत्राबरोबर माहितीपुस्तिका मागून घ्यावी आणि देणाऱ्याकडून पाते जोडण्याची व सोडण्याची, म्हणजे चालू इंजिनावर पाते फिरते करण्याची व थांबवण्याची, पद्धत समोर करून पाहावी. प्रत्येक यंत्राचे खटके वेगवेगळ्या जागी असतात, आणि घाईच्या क्षणी हात सवयीच्या जागीच जातो.

आधी पायी फिरणे

जमीन कोरडी, घट्ट आणि गवतावरचे दव उडालेले असे दिवस निवडावेत. ओले गवत पात्याच्या आवरणाखाली गोळा होऊन बसते, चाके घसरतात आणि पायही घसरतात. याउलट सगळे कडकडीत वाळलेले असेल आणि वारा सुटलेला असेल, तर गरम सायलेन्सरला चिकटलेल्या काडीकचऱ्यामुळे आग लागण्याचा धोका असतो. अशा दिवशी काम पुढे ढकलणेच योग्य. पक्षी जमिनीवर किंवा झुडपांत घरटी करतात तो हंगामही टाळावा.

त्यानंतर हातात लांब काठी घेऊन, पायात उंच बूट घालून सगळी जागा पट्ट्यापट्ट्यांनी चालून पाहावी. दुरून सपाट दिसणाऱ्या गवताखाली जुने चर, खड्डे, वारुळे, तोडलेल्या झाडांचे खुंट, पडलेले दगड, फुटक्या बाटल्या, पाण्याचे नळ आणि हद्दीचे दगड लपलेले असतात. काठीने चाचपत जावे, उचलता येईल ते उचलावे, आणि जे हलणार नाही त्याच्या शेजारी रंगीत चिंधी बांधलेली काठी रोवावी. ही काठी गवतापेक्षा उंच हवी, नाहीतर यंत्रामागून ती दिसत नाही. जुनी विहीर किंवा मोठा खड्डा असेल तर एका काठीवर न भागवता चहूबाजूंनी खुणा करून तेवढा भाग सोडूनच द्यावा. गांधीलमाश्यांचे किंवा मधमाश्यांचे पोळे दिसले तर तो कोपराही सोडावा, कारण इंजिनाच्या आवाजाने आणि हादऱ्याने त्या उठतात आणि चालवणाऱ्याला त्या अंगावर आल्यावरच कळते.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त भीती वाटते ती तारेची. दगडावर पाते आपटले तर मोठा आवाज होतो आणि माणूस थांबतो. पण कुंपणाची जुनी, गंजलेली तार गवताच्या मुळांत गुंतलेली असते, पाते ती ओढून घेते आणि क्षणात आपल्या दांड्याभोवती गुंडाळते. तुटलेला तुकडा कुठे उडेल ते सांगता येत नाही. एकदा जेमतेम हातभर तार बाहेर दिसत होती, ती ओलांडून पुढे जाता येईल असे मला वाटले, आणि नंतरची अख्खी दुपार पक्कड घेऊन यंत्राच्या पोटाखाली गेली. जिथे कधीकाळी कुंपण होते अशी शंका आहे, तिथे तार पूर्ण उपटून काढल्याशिवाय यंत्र नेऊ नये.

याच फेरीत जाड झुडपे हाताने काढून घ्यावीत. यंत्राच्या क्षमतेपेक्षा जाड खोड समोर आले की ते कापले जाण्याऐवजी वाकते, यंत्र त्यावर चढते आणि खोड झटक्याने परत उसळते. अशी खोडे करवतीने जमिनीलगत, आडवी कापावीत. कोयत्याचा तिरका घाव घातला तर मागे भाल्यासारखे धसकट उरते, ते चाकातही घुसते आणि बुटाच्या तळातही. झाडांवर चढलेल्या वेली आधीच खालून तोडून मोकळ्या कराव्यात, नाहीतर पाते वेल ओढते आणि वेलीबरोबर वरची वाळकी फांदी डोक्यावर येते.

अंगावर काय घालावे आणि यंत्रात काय पाहावे

जाड कापडाची पूर्ण लांबीची विजार, लांब बाह्या, न घसरणारे उंच बूट, हातमोजे आणि बाजूंनीही बंद असलेला सुरक्षा चष्मा एवढे तरी हवेच. इंजिनाचा आवाज ८५ डेसिबलच्या वर जातो आणि काम तासन्‌तास चालते, म्हणून कानांवर संरक्षक आवरण घालावे. सैल उपरणे, लोंबणारी दोरी किंवा मोकळे केस घेऊन यंत्राजवळ जाऊ नये.

पात्याविषयी एक साधा हिशेब मांडून पाहावा. ६० सेंटिमीटर लांबीचे पाते मिनिटाला २,५०० फेरे घेत असेल, तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे ७८ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २८० किलोमीटर वेगाने फिरत असते. त्या वेगाने फेकलेला लहानसा खडाही डोळा फोडू शकतो. म्हणून काम चालू असताना मुले, जनावरे आणि बघायला आलेली मंडळी किमान ३० मीटर दूर असावीत. कोणी जवळ आले तर हाताने खुणा करत बसू नये, आधी पाते थांबवावे.

इंजिन थंड असतानाच पेट्रोल भरावे, टाकी काठोकाठ भरू नये आणि सांडलेले पुसून ते उडून गेल्यावरच इंजिन सुरू करावे. यंत्र सपाट जागी उभे करून इंजिनातील ऑइल तपासावे. एअर फिल्टर आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पातळ कडांत (कूलिंग फिन्स) अडकलेला कचरा झाडून काढावा. पाते हाताने तपासायचे असेल तेव्हा इंजिन बंद करून स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवणे कधीही टाळू नये. पात्याला तडा गेला असेल किंवा ते वाकले असेल तर सरळ करून वापरू नये, बदलावे. हँडलवरची सुरक्षा-दांडी सोडल्यावर पाते किती सेकंदांत थांबते हे मोकळ्या जागी पाहून घ्यावे. काही जण हात दुखतो म्हणून ती दांडी दोरीने बांधून ठेवतात. तोल गेला की यंत्र थांबवणारी एकमेव गोष्ट तीच असते, हे त्यांनी एकदा विचारात घ्यावे.

कापणी

यंत्र कडेच्या मोकळ्या जागी उभे करावे, इंजिन गरम होऊ द्यावे, वेग पूर्ण वाढवावा आणि मगच पाते जोडावे. दाट गवतात यंत्र घुसवून तिथे पाते सुरू केले तर पाते फिरवणारा रबरी पट्टा (बेल्ट) घसरतो व जळतो. सुरुवात सर्वांत हळू गिअरमध्ये करावी. पहिल्या काही मीटरांत इंजिनाचा आवाज नीट ऐकावा, कारण पुढचे सगळे काम त्या आवाजावरच चालते. आवाज जड होऊ लागला की चाल थांबवावी, पाते फिरत ठेवून ते पुन्हा वेगात येऊ द्यावे आणि मग पुढे सरकावे. आवाज मोकळा असेल तर चाल किंचित वाढवायला हरकत नाही, पण धावत मागे जावे लागेल इतकी कधीच नाही.

प्रत्येक वेळी पूर्ण रुंदीचा घास घेण्याचा मोह होतो. दाट झुडपांत अर्ध्या रुंदीचाच पट्टा घ्यावा आणि उरलेला अर्धा भाग आधी कापलेल्या मोकळ्या जागेवर राहू द्यावा, म्हणजे कापलेला माल बाहेर पडायला जागा मिळते. फक्त गवत असेल तिथे एक-तृतीयांश भाग एकमेकांवर येईल असे पट्टे पुरतात. रोपटे समोर आले की ते यंत्राच्या बरोबर मध्यावर घ्यावे. पुढच्या आडव्या कठड्याने ते वाकते, पाते त्याला बुंध्याशी गाठते. तेवढा वेळ यंत्राला द्यावा, मागून जोर लावू नये.

कापण्याची दिशा ठरवताना लपलेल्या प्राण्यांचाही विचार करावा. कडेने गोल गोल फिरत आत जाण्याची पद्धत सोपी वाटते, पण ससे, पिल्ले, साप असे सगळे मधल्या उरलेल्या बेटात कोंडले जातात आणि शेवटच्या फेरीत पात्याखाली किंवा चालवणाऱ्याच्या पायांत येतात. त्याऐवजी एका बाजूपासून सुरुवात करून दुसऱ्या बाजूच्या दाट झाडीकडे सरकत जावे. त्यांना पळायला वाट राहते आणि आपल्यालाही निर्धास्त राहता येते.

मागे येताना विशेष जपावे. यंत्र मागे घेताना चालवणाऱ्याची पाठ रानाकडे असते, टाच खुंटाला लागते, आणि माणूस पडतो तेव्हा यंत्र त्याच्याच दिशेने येत असते. म्हणून मागे घेण्याआधी शक्यतो पाते सोडवावे, मान वळवून पाहावे आणि अंगाशी हँडल ओढण्याऐवजी एका कडेला उभे राहून यंत्र वळवावे.

उतार असेल तर

माहितीपुस्तिकेत उताराची मर्यादा दिलेली असते आणि ती बहुधा १५ ते २० अंशांच्या आसपास असते. अंदाजाने उतार नेहमीच कमी वाटतो, म्हणून मोजून पाहावा. एक मीटर लांबीची काठी पाणसळ (लेव्हल) लावून आडवी धरावी, तिचे एक टोक उतारावर टेकवावे आणि दुसऱ्या टोकाखालचे अंतर मोजावे. ते सुमारे २७ सेंटिमीटर भरले तर उतार १५ अंशांचा आहे. मागून चालवायची यंत्रे सहसा उताराला आडवी चालवतात, कारण वर-खाली जाताना पाय घसरला तर तो यंत्राखाली जाण्याचा किंवा यंत्र अंगावर येण्याचा धोका असतो. आडवे चालताना स्वतः यंत्राच्या वरच्या अंगाला राहावे. जड यंत्रांच्या काही पुस्तिका याहून वेगळी दिशा सांगतात, तेव्हा त्या यंत्रापुरते तेच मानावे. ओढ्याकाठचा आणि तीव्र चढाचा पट्टा तर तसाच राखलेला बरा, तिथली मुळे माती धरून ठेवतात.

अडकले, थरथरले, बंद पडले

मोठा आवाज झाला किंवा यंत्र अचानक थरथरू लागले तर पुढचा पट्टा पुरा करण्याचा विचार सोडावा. पाते सोडवावे, इंजिन बंद करावे, सगळे फिरणे थांबू द्यावे, स्पार्क प्लगची वायर काढावी आणि मग खाली पाहावे. अडकलेला कचरा हाताने नव्हे, काठीने काढावा. यंत्र कलते करावे लागले तर एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर असलेली बाजू वर राहील असे करावे, नाहीतर इंजिनातले ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरते. थरथर राहिलीच तर पात्याचा तोल गेलेला असतो. पाते काढून मधल्या छिद्रातून खिळ्यावर टांगले की जड बाजू खाली झुकते, तीच बाजू घासून समतोल आणता येतो. पुन्हा बसवताना नट पुस्तिकेत दिल्याइतका आवळावा.

हँडलच्या कंपनाने बोटे बधिर होऊ लागली तर ती विश्रांतीची वेळ समजावी. दर पाऊण-एक तासाने थांबून पाणी प्यावे आणि त्याच वेळी इंजिनाभोवतीचा कचराही झाडावा, मात्र सायलेन्सर निवल्यावर.

कापल्यानंतर

पहिल्या कापणीनंतर जमीन देखणी दिसत नाही. सगळीकडे चिरफाळलेल्या काड्या, पाचोळा आणि बोटभर धसकटे उरतात. बारीक माल तिथेच पडू द्यावा, तो कुजून जमिनीत मिसळतो. जाड थर साचला असेल तिथे दंताळ्याने पसरावा. लांब फांद्या मात्र गोळा कराव्यात, पुढच्या वेळी त्याच चाकांत अडकतात.

झुडपांची मुळे जिवंत असतात आणि काही आठवड्यांत बुंध्यापासून फुटवे येतात. एकाच्या जागी चार फुटवे पाहून श्रम फुकट गेल्यासारखे वाटते, पण खरे काम करणारी कापणी ही दुसरी असते. फुटवे गुडघ्याच्या खाली, कोवळे आणि हिरवे असताना ते कापले की मुळांत साठवलेले अन्न खर्च होते, पण नव्या पानांकडून परत मिळत नाही. वाढीच्या हंगामात असे दोन-तीन वेळा केले की बरीच झुडपे मान टाकतात आणि गवत त्यांची जागा घेते. तण फुलावर आले असेल पण बी धरले नसेल तेव्हा कापणी साधली तर पुढच्या वर्षीचा भारही हलका होतो. दुसऱ्या फेरीला वेळ फार कमी लागतो, कारण दगड-खुंट आता ठाऊक असतात आणि खुणेच्या काठ्या जागेवर असतात.

यंत्र दुसऱ्या जागी नेण्यापूर्वी आवरणाची आतली बाजू आणि चाके खरवडून स्वच्छ करावीत, म्हणजे या रानातले बी त्या रानात जात नाही. महिनाभर काम नसेल तर टाकीतले पेट्रोल काढून घ्यावे, ते शिळे होऊन कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरते. पात्याची धारही याच वेळी लावून ठेवावी.