‘नाहीतर’वर माउस नेला की ‘नाहीतर’चीच माहिती दिसावी म्हणून

मोनॅको एडिटरमध्ये (वेबपानात बसवता येणारा कोड एडिटर) तुमच्या भाषेची नोंदणी झाली आहे, किवर्डना, म्हणजे भाषेच्या राखीव शब्दांना, रंगही येतो आहे, असं धरतो. माउस नेल्यावर दिसणारी माहिती म्हणजे होव्हर. त्यासाठी ‘रजिस्टर होव्हर प्रोव्हायडर’ला भाषेचा आयडी आणि ‘प्रोव्हाइड होव्हर’ हे फंक्शन असलेला ऑब्जेक्ट द्या. त्या फंक्शनमध्ये ‘गेट वर्ड ॲट पोझिशन’ने माउसखालचा शब्द घ्या, तो तुमच्या किवर्डच्या यादीत असेल तर मार्कडाउन मजकूर परत करा, नसेल तर नल. दहा-बारा ओळींचं काम.

घोळ होतो तो शब्द कुठे तुटतो तिथे. मुलांना प्रोग्रामिंग शिकवायला मी मराठी किवर्डची छोटी भाषा केली: जर, तर, नाहीतर. ‘नाहीतर’च्या शेवटावर माउस नेला की माहिती यायची ‘तर’ची! दोन संध्याकाळी मी यादीच तपासत बसलो. चूक वर्ड पॅटर्नमध्ये, म्हणजे शब्द कुठे सुरू होतो नि कुठे संपतो हे ठरवणाऱ्या रेजेक्समध्ये, होती. मी त्यात युनिकोडचा फक्त ‘एल’ हा अक्षरांचा गट घेतला होता. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण हे सगळं ‘एम’ गटात येतं. त्यामुळे ‘नाहीतर’चे तुकडे पडले: न, ह आणि तर.

म्हणून ‘सेट लँग्वेज कॉन्फिगरेशन’मधल्या वर्ड पॅटर्नमध्ये एल, एम, अंकांचा एन आणि अंडरस्कोअर असे चारही घ्या, आणि रेजेक्सला यू फ्लॅग लावाच. ‘बॅकस्लॅश डब्ल्यू पुरतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याला देवनागरीतलं एकही अक्षर ओळखता येत नाही.

कॉमेंटमधल्या ‘जर’वर होव्हर येता कामा नये. त्यासाठी ओळीत आधी दोन तिरक्या रेघा आहेत का ते शोधायचा सल्ला मिळतो. स्ट्रिंगमध्ये वेबपत्ता आला की तो फसतो. मजकुराचे किवर्ड, स्ट्रिंग, कॉमेंट असे तुकडे (टोकन) पाडणाऱ्या टोकनायझरलाच विचारा. ‘मोनॅको डॉट एडिटर डॉट टोकनाइझ’ला पूर्ण मजकूर द्या. एकच ओळ दिलीत तर वर सुरू झालेली कॉमेंट त्याला कळत नाही. शब्दाच्या स्टार्ट कॉलममधून १ वजा करा, कारण कॉलम १ पासून मोजतात आणि टोकनचा ऑफसेट ० पासून. त्या जागी किवर्डचं टोकन असेल तरच माहिती दाखवा.

मजकूर एका ओळीचा ठेवा: ‘नाहीतर: वरची अट खोटी ठरली तर हा भाग चालतो.’ सोबत दोन ओळींचं उदाहरण, बस्स. होव्हरची चौकट सहसा वरच्या बाजूला उघडते. ती मोठी झाली, तर मुलाला जी ‘जर’ची अट पाहायची असते नेमकी तीच झाकली जाते.