पेटी पुढ्यात घेऊन लॉरिडसन ऐकताना

पेटी काढा आणि पांढरी दोनला सा धरा. मॉर्टन लॉरिडसन या अमेरिकन संगीतकाराचं ‘ओ मॅग्नम मिस्टेरियम’ याच पट्टीत आहे. लॉस एंजेलिस मास्टर कोराल या गायकवृंदासाठी १९९४ साली त्यानं हे रचलं. निव्वळ गळ्यांचं काम, साथीला वाद्य नाही. मी भजनाला साथ करणारा माणूस, पाश्चात्त्य नोटेशन अडखळतच वाचतो. पण इथे बोटं पुरतात.

पहिल्या खेपेला पेटीला हात न लावता सबंध ऐका. लॅटिन शब्दांचा अर्थ साधा आहे: गव्हाणीत निजलेल्या नवजात प्रभूचं दर्शन मुक्या जनावरांना घडलं, केवढं हे गूढ!

आता सा-ग-प एकत्र दाबा, पण ग सगळ्यात खाली ठेवून: काळी तीन, पांढरी सहा आणि त्यावर वरची पांढरी दोन. सा तळाला असला की सूर बैठक मारून बसतो, ग तळाला आला की अधांतरी राहतो. या रचनेत लॉरिडसननं बहुतेक ठिकाणी हीच मांडणी ठेवली आहे. त्यात वरच्या सा-शेजारचा रे मिसळून बघा. हा रे त्याच्या संगीतात पुन्हा पुन्हा भेटतो. कसलेल्या गायकांचा ग मात्र पेटीपेक्षा किंचित उतरा लागेल. त्यांचं बरोबर आहे, पेटीचाच चढा असतो.

हे कुठून आलं ते कळायला याच शब्दांवरची व्हिक्टोरिया या स्पॅनिश संगीतकाराची १५७२ची रचना लावा. तिथे पहिला आवाज पाच स्वर खाली झेपावून परत वर येतो आणि बाकीचे एकेक करून त्याच्या मागे लागतात. लॉरिडसनकडे हा पाठलाग नाही, सगळे जवळजवळ एकत्रच चालतात. लय मात्र शब्दांच्या ओघानं वळते, ती त्याहूनही जुन्या ग्रेगोरियन पठणातून, म्हणजे चर्चमधल्या एकसुरी लॅटिन गायनातून आली आहे.

आता मुख्य जागा. आतापर्यंत सगळे शुद्ध स्वर, आपल्या बिलावल थाटातले. ‘बेआता विर्गो’ हे शब्द आले की कान टवकारा. ‘विर्गो’ म्हणजे कुमारी मेरी. त्या शब्दावर बायकांचा खालचा आवाज काळी चार लावतो, तीव्र मध्यम! अख्ख्या रचनेत पट्टीबाहेरचा स्वर तेवढाच, असं लॉरिडसननं स्वतः लिहिलं आहे. मेरीच्या वाट्याचं दुःख त्याला त्या एका स्वरात आणायचं होतं. तीव्र मध्यम आला म्हणून लगेच हा यमन राग म्हणू नका. जागा सापडली नाही तर तेवढा तुकडा मागे घेऊन ऐका, घाई नाही.

सूरबारान या चित्रकाराचं १६३३चं लिंबू-संत्र्यांचं चित्रही इंटरनेटवर पाहून घ्या. मूळ चित्र पॅसाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. काळ्याभोर पार्श्वभूमीवर ताटलीत लिंबं, टोपलीत संत्री, आणि पाण्याच्या पेल्याशेजारी एकच गुलाब. तोही मेरीचंच प्रतीक. लॉरिडसनच्या डोळ्यांपुढे हे चित्र होतं, आणि रचनेतला थंड नितळपणा तिथूनच आलाय असं मला वाटतं.

लॉरिडसनचंच ‘लुक्स एटेर्ना’ नंतर सावकाश ऐका, ते मोठं आणि वाद्यवृंदासह आहे. त्याआधी १९८७चं ‘माद्रिगाली’ घ्या. जुन्या इटालियन कवितांवरची ही सहा गाणी, सगळी प्रेमाच्या आगीची, आणि कान माँतेव्हेर्दी-जेसुआल्दो या जुन्या इटालियन संगीतकारांच्या माद्रिगालांकडे, म्हणजे अनेक आवाजांत गायच्या काव्यगीतांकडे लागलेला. काळी पाच, पांढरी एक, काळी एक आणि पांढरी चार, चारही एकदम दाबा. पांढरी एक आणि काळी एक एकमेकींना चिकटून कुरकुरतात ना? लॉरिडसन यालाच आगीचा स्वरसमूह म्हणतो.