रिकामा काटा आधी तपासा : शेअर ट्रेडिंगची पद्धत यादृच्छिक भावांवर कशी तपासावी

लातूरच्या बाजारात सोयाबीनचं पोतं काट्यावर चढण्याआधी शेतकरी रिकामा काटा शून्यावर आहे का, ते बघतो. पासंग असेल तर पुढचं सगळं माप खोटं. ट्रेडिंगच्या पद्धतीचंही तसंच आहे. जुन्या भावांवर पद्धत नफा दाखवते म्हणून खूश होण्याआधी ती यादृच्छिक, म्हणजे निव्वळ नशिबानं वरखाली होणाऱ्या भावांवर चालवून बघा, ज्यांत पद्धतीमुळे नफा असूच शकत नाही. तिथेही नफा दिसला, तर खोट तुमच्या मापात आहे.

उदाहरणाला साधा नियम घेऊ : २० दिवसांची सरासरी ५० दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तोवर शेअर ठेवायचा, नाहीतर हात रिकामे.

भाव तयार करणे

एक्सेल उघडा. ए स्तंभात दिवसांचे क्रमांक, बी स्तंभात भाव. पहिला भाव १००. त्याखाली आदल्या दिवसाचा भाव गुणिले (१ अधिक रोजचा बदल). हा बदल 'नॉर्म डॉट इन्व्ह' या फंक्शनमधून काढायचा : पहिल्या जागी 'रँड' (दर वेळी नवा यादृच्छिक आकडा देणारं फंक्शन), दुसऱ्या जागी ०, तिसऱ्या जागी ०.०१. म्हणजे रोजची सरासरी वाढ शून्य आणि चढउतार साधारण १ टक्का. वर्षाच्या हिशेबात हा चढउतार १६ टक्क्यांच्या आसपास जातो. सूत्र १००० ओळी खाली ओढा. बाजाराची साधारण चार वर्षं झाली.

आलेख काढून बघाच. त्यात तुम्हाला 'सपोर्ट', 'ब्रेकआउट', 'ट्रेंड' सगळं दिसेल, आणि त्यातलं काहीही खरं नसेल. नवशिक्यानं हा एक आलेख दहा मिनिटं बघत बसावा, इतका तो शिकवून जातो.

नियम लावणे

सी स्तंभात रोजचा टक्केवारी बदल, डी मध्ये २० ची सरासरी, ई मध्ये ५० ची. एफ मध्ये इशारा : डी मोठा असेल तर १, नाहीतर ०. जी मध्ये कमाई : आजचा बदल गुणिले कालचा इशारा. शेवटी जी ची बेरीज.

बहुतेकांचं माप इथेच, 'कालचा' या शब्दावर बिघडतं. समजा ६० व्या दिवशी भाव १०४ वरून १०५.५६ झाला, दीड टक्का वाढला, आणि त्या वाढीमुळेच सरासरी ओलांडली गेली. इशारा १ झाला खरा, पण तो बंद भावावर, म्हणजे साडेतीनला बाजार उठल्यावर कळला. ते दीड टक्का तुमच्या हाती कधीच आलं नव्हतं. आजचा इशारा आजच्याच बदलाला गुणला, तर असे फुकटचे टक्के प्रत्येक ओलांडणीला जमा होतात. खऱ्या भावांवर ही चूक लपते, कारण नफा दिसला की कोणी शंका घेत नाही.

दोनशे वेळा चालवणे

एका फेरीवरून काही ठरत नाही. निव्वळ नशिबानंही ३० टक्के नफा येतो. एक्सेलच्या 'व्हॉट इफ'मध्ये 'डेटा टेबल' आहे. एका स्तंभात १ ते २०० आकडे लिहा, शेजारच्या स्तंभाच्या माथ्यावर जी च्या बेरजेचा दुवा द्या, आणि 'कॉलम इनपुट सेल' म्हणून कुठलाही रिकामा कप्पा दाखवा. दोनशे निकाल मिळतील. ते लगेच कॉपी करून नुसती मूल्यं म्हणून चिकटवा. 'रँड' शीटला हात लावला की बदलतो आणि जुने निकाल गेले ते गेले.

आता सरासरी. निम्मे दिवस शेअर हातात असेल तर एका फेरीचा निकाल सुमारे २२ टक्के इकडेतिकडे होतो, आणि २०० फेऱ्यांची सरासरी दीडेक टक्का. म्हणून उणे ३ ते अधिक ३ मधली सरासरी शून्यच समजा. ती ८-१० आली तर पुढे जाऊ नका, सूत्रं तपासा.

मग खर्च घाला. डिलिव्हरीत (शेअर त्याच दिवशी न विकता खात्यात घेतला तर) खरेदीला ०.१ आणि विक्रीला ०.१ टक्का एसटीटी हा व्यवहार कर, खरेदीवर ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क, शिवाय इतर आकार. एका पूर्ण व्यवहाराला ०.२५ टक्का धरा. सरासरी बरोबर तेवढ्यानंच खाली यायला हवी : १० व्यवहार, तर अडीच टक्के.

यशाच्या टक्केवारीवर मात्र विसंबू नका. १ टक्का नफ्यावर विकायचं आणि १० टक्के तोट्यावर सोडायचं, असा नियम या भावांवर लावा. ११ पैकी १० सौदे नफ्याचे निघतात (फक्त बंद भाव पाहिले तर थोडे कमी). व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर '९० टक्के अचूक' म्हणून विकलं जातं ते अनेकदा हेच असतं. अकरावा सौदा सगळं घेऊन जातो.

खरे बदल पिसणे

तयार भावांत एक उणीव आहे. २३ मार्च २०२० ला निफ्टी, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराचा (एनएसई) निर्देशांक, एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला. वरच्या सूत्रातून असा दिवस कधीच येणार नाही. म्हणून दुसरी चाचणी खऱ्या भावांवर. एनएसईच्या संकेतस्थळावरून निफ्टीचे रोजचे बंद भाव घ्या, टक्केवारी बदल काढा, शेजारी 'रँड'चा स्तंभ लावून त्यानुसार क्रम लावा. पत्ते पिसल्यासारखे बदल पिसले जातात. त्या क्रमानं भाव पुन्हा रचा. पहिला आणि शेवटचा भाव तोच राहतो, फक्त क्रम मोडतो. मोठे दिवस एकामागोमाग येण्याची बाजाराची सवयही मोडते, एवढं ध्यानात असू द्या. सोयाबीनच्या भावावर हे करणाऱ्यांनी तर जपूनच : पिसताना आवकेचा हंगामही मोडतो.

इथे तुलना शून्याशी नाही, कारण निफ्टीची मूळ वाढ पिसलेल्या भावांतही असते. खऱ्या क्रमावर पद्धतीनं ३८ टक्के दिले आणि २०० पिसलेल्या मालिकांपैकी ६० नी तेवढे किंवा जास्त दिले, तर पद्धतीत दम नाही. पाचच मालिका तिथवर पोचल्या, तर विचार करण्यासारखं काही आहे.

पण २० आणि ५० हे आकडे आले कुठून? १०-३०, १५-४५ असे वीस जोड लावून त्यातला उत्तम निवडला असेल तर हिशेब बदलतो. ५ टक्के नशिबाची संधी वीसदा घेतली, तर एकदा तरी लागण्याची शक्यता ६४ टक्क्यांपर्यंत जाते. अशा वेळी प्रत्येक पिसलेल्या मालिकेवर तेच वीस जोड चालवा, तिथला उत्तम आकडा लिहून ठेवा, आणि तुमचा ३८ त्या दोनशे उत्तमांच्या रांगेत उभा करा.