फुलांच्या वाफ्यातला लव्हाळा कसा गेला

उपटला की आठवड्यात पुन्हा हिरवागार. काळं प्लास्टिक अंथरलं, तर टोकदार कोंब ते भोसकून वर आले. दोन वर्षं अक्षरशः रडवलं त्याने.

मूळ दुखणं खालच्या गाठींत असतं. उपटताना पात तुटते, गाठ राहते.

फेब्रुवारीत वाफा आदल्या दिवशी भिजवला. मग फूटभर खणून माती चाळली. काळपट, सुपारीहून लहान गाठी दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. दोरा न तोडता पुढची गाठ शोधायची. सगळ्या गच्चीवर कडक उन्हात वाळवल्या, खतात मुळीच नाही. रिकाम्या वाफ्याला तीन आठवडे पाणी दिलं, उगवलेला प्रत्येक कोंब खुरप्याने गाठीसकट काढला. त्यानंतरच झिनिया लावला.