जाहिरात एजन्सीत इंटर्नशिप करताना या चुका टाळा

एजन्सीत पहिल्या दिवशी गेले तेव्हा डोक्यात एकच भीती होती: कल्पनाच सुचली नाही तर? दोन महिन्यांत ती भीती एकदाही खरी ठरली नाही. कल्पना सुचतात, आपल्याला नाही सुचल्या तर शेजारच्या टेबलावर सुचतात. मी गोत्यात आले ती दर वेळी भलत्याच कारणानं. ब्रीफमधली, म्हणजे काम समजावणाऱ्या कागदातली, एक ओळ वाचायची राहिली होती, जुनी फाइल पुढे गेली होती, किंवा कोणाला न विचारता मी "हो" म्हणून बसले होते. माझ्या आणि माझ्याबरोबरच्या इंटर्न मंडळींच्या अशा चुका इथे मांडतेय. पहिली सगळ्यांत जास्त वेळ खाते, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

ब्रीफ नीट न वाचता लिहायला बसणं

पाण्याच्या फिल्टरचं काम होतं. रात्रभर जागून मी तीस हेडलाइन काढल्या. शुद्ध पाणी, निरोगी घर, आईची काळजी, काही म्हणून सोडलं नाही. सकाळी क्रिएटिव्ह डिरेक्टरांनी (लेखन-डिझाइनच्या टीमचे प्रमुख) कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, काहीच बोलले नाहीत, ब्रीफ माझ्यापुढे सरकवलं आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. 'कोणाशी बोलायचंय' याच्यापुढे लिहिलं होतं: फिल्टर आधीच घेतलेले, पण कार्ट्रिज (आतली गाळणी) वेळेवर न बदलणारे लोक. माझ्या तीसच्या तीस ओळी फिल्टर विकत होत्या आणि या लोकांच्या भिंतीवर तो कधीचाच लागलेला होता.

ब्रीफ दिसायला एक पानाचं असतं, त्यामुळे आपण ते चाळतो. त्यात बघायचं ते एवढंच: कोणाशी बोलायचंय, तो माणूस आज काय समजतो, जाहिरात बघून त्यानं काय करायला हवं, आपण सांगणार ती एकच गोष्ट कोणती, आणि ती त्यानं का मानावी. शिवाय माध्यम आणि तारीख. आता माझी सवय अशी, की ब्रीफ उलटं ठेवायचं आणि काम काय आहे ते सीनियरला एका वाक्यात सांगायचं. अडखळले तर लिहायला बसायचं नाही.

ब्रीफ तोंडी मिळालं, तेही जिन्यात, तर? जागेवर येऊन चार ओळींचा मेसेज टाकायचा: "मला समजलं ते असं. बरोबर आहे ना?" यात कमीपणा वाटून घेऊ नका. एजन्सीत प्लॅनर असेल तर त्याची पाच मिनिटं मागून घ्या. ग्राहकाच्या बाजूनं विचार करणारा माणूस एजन्सीच्या आतच हवा, ही प्लॅनिंगची कल्पना १९६८ मध्ये लंडनमधल्या दोन एजन्सींत जवळजवळ एकाच वेळी मूळ धरू लागली. इंटर्न मात्र या माणसाला सहसा ओळखतही नाहीत, कारण तो क्रिएटिव्हच्या टेबलाशी बसत नाही.

हेडलाइन एकट्यानंच घासत बसणं

कॉपीरायटरनं मजकूर लिहायचा आणि तो आर्ट विभागाकडे सजवायला धाडायचा, ही फार जुनी पद्धत. १९४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या डॉयल डेन बर्नबाख एजन्सीत बिल बर्नबाख यांनी दोघांना एकत्र बसवलं आणि पुढे जवळपास सगळ्या धंद्यानं ते उचललं. इंटर्न मात्र अजूनही कानात हेडफोन घालून ओळी घासत असतो. अर्धी कच्ची ओळ डिझाइन करणाऱ्याला दाखवा. चित्रच जर सगळं सांगत असेल, तर तुमच्या नऊ शब्दांतले सहा तिथेच गळतात.

क्लायंटला परस्पर "हो" म्हणणं

ही माझी सर्वांत लाजिरवाणी चूक. क्लायंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला नुकतंच घेतलं होतं. शुक्रवारी दुपारी तिकडून विचारणा आली, "हेच पोस्टर आडव्या साइजमध्ये मिळेल का?" मला वाटलं, साइज तर बदलायची आहे. "हो मॅम, संध्याकाळपर्यंत देते," असं टाकून मोकळी झाले.

उभं पोस्टर आडवं करणं म्हणजे कडा धरून ताणणं नव्हे. फोटोच्या दोन्ही बाजूंची पार्श्वभूमी वाढवावी लागते, मजकुराची मांडणी नव्यानं करावी लागते, मग क्रिएटिव्हचा होकार, मग प्रूफ (तपासणीची प्रत). स्टुडिओत, म्हणजे फाइल तयार करणाऱ्या विभागात, त्या दिवशी आधीच चार कामं रांगेत होती. सर्व्हिसिंगच्या, म्हणजे क्लायंटशी व्यवहार सांभाळणाऱ्या विभागाच्या, ताईंना तो मेसेज वाचून क्लायंटला फोन करावा लागला आणि वेळ सोमवारवर न्यावी लागली. मला कोणी ओरडलं नाही. त्यानं जास्तच वाईट वाटलं.

योग्य उत्तर छोटं असतं: "नोंद घेतली, टीमशी बोलून वेळ कळवते." "हो" तोंडातून निघून गेलंच असेल, तर स्टुडिओत जाऊन गयावया करू नका. आधी सर्व्हिसिंगला सांगा. वेळ मागून घेणं हे त्यांचं काम आहे आणि ते त्यांना तुमच्यापेक्षा बरं जमतं.

शेरा आला की लगेच हात चालवणं

"जरा पॉप होऊ दे." "प्रीमियम वाटत नाहीये." "लोगो मोठा करा." असे शेरे आले की इंटर्न एक तर तोंड पाडतो, नाहीतर निमूटपणे लोगो दीडपट करतो. दोन्हीनं काम पुढे जात नाही. लोगो मोठा करा याचा अर्थ बरेचदा 'आमचं नाव गर्दीत हरवतंय' एवढाच असतो, आणि मग लोगोभोवती मोकळी जागा सोडूनही काम भागतं. शेऱ्यामागची अडचण विचारा: नजर आधी कुठे जायला हवी? क्लायंटकडच्या दोन माणसांनी परस्परविरोधी शेरे दिले, तर दोन्ही एकाच डिझाइनमध्ये कोंबायला जाऊ नका. यादी करून सर्व्हिसिंगकडे परत पाठवा.

फाइलचं नाव 'फायनल' ठेवणं

माझ्या फोल्डरमध्ये एकाच पोस्टरच्या तीन फाइल होत्या: फायनल, फायनल नवीन आणि फायनल खरंच. पुढे गेली ती मधली, आणि तिच्यात सवलतीची जुनी तारीख होती. प्रेसला जायच्या आधी स्टुडिओतल्या अनुभवी दादांनी पकडली म्हणून वाचले. तेव्हापासून नावात क्लायंट, काम, साइज, तारीख आणि आवृत्तीचा आकडा. 'फायनल' हा शब्दच नाही. जुन्या आवृत्त्या वेगळ्या फोल्डरमध्ये.

छपाईच्या फाइलसाठी एवढं आधी तपासा. रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत, आहेत का? स्क्रीनवर झगझगणारे केशरी आणि हिरवे आरजीबी (स्क्रीनच्या पद्धतीतले) रंग कागदावर मंद उतरतात. फोटो छापायच्या मापाला ३०० डीपीआय (एका इंचातले ठिपके) आहेत का? होर्डिंगला मात्र याहून बरंच कमी चालतं, कारण ते लांबून बघायचं असतं. चारही कडांना ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली पार्श्वभूमी, आहे का? ३ मिमी हे नेहमीचं माप, तरी प्रेसला विचारून घ्या. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंग मिसळून केलेला काळा छापताना केसभर जरी सरकला, तरी अक्षरांना रंगीत कडा येतात.

मराठी मजकूर चिकटवला आणि झालं, असं समजणं

मराठी येणाऱ्या इंटर्नला हे काम हमखास मिळतं, म्हणून इथे जरा थांबते. फोटोशॉपमध्ये देवनागरी मजकूर टाकला की कधी कधी पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटून पायमोडकी दिसतात. फॉन्टला दोष देण्याआधी टाइपच्या सेटिंगमध्ये जा. दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय सुरू नसेल तर हे होतं. सगळाच मजकूर अगम्य चिन्हांत दिसत असेल, तर तो बहुधा जुन्या, युनिकोड (अक्षरांची सगळीकडे चालणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो आणि आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

दुसरी खोच 'ऱ्य'ची. 'खऱ्या', 'वाऱ्यावर', 'पुढाऱ्यांना' हे शब्द साध्या र-नं टाइप केले की 'खर्या', 'वार्यावर' होतात, आणि मराठी वाचणाऱ्याला ते दातांत खडा आल्यासारखं लागतं. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणंही हिंदी वळणांहून वेगळी आहेत. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण भाषा मराठी निवडल्याशिवाय मराठी वळण येत नाही. डिझाइन करणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल, तर हे पकडणारे तुम्ही एकटेच. प्रिंट काढा आणि मोठ्यानं वाचा. नंतर ज्यानं ते लिहिलेलं नाही अशा कोणाकडून तरी वाचून घ्या.

मिळालं म्हणून वापरलं

आतल्या सादरीकरणात वॉटरमार्क असलेला फोटो चालून जातो, बाहेर जाणाऱ्या कामात नाही. स्टॉक साइटवर 'फक्त संपादकीय वापरासाठी' असं लिहिलेलं असेल, तर तो फोटो जाहिरातीला बाद. मोफत फॉन्टचा परवाना अनेकदा खासगी वापरापुरताच असतो. रीलवर गाजणारं गाणं तुमच्या स्वतःच्या खात्यावर चालतं, म्हणून ब्रँडच्या खात्यावर चालेल असं नाही. आणि क्लायंटचं ब्रीफ एआय साधनात चिकटवण्याआधी एजन्सीचा नियम विचारा. टेबलावरच्या सेल्फीत मागचा व्हाइटबोर्ड वाचता येतो, क्लायंटचं गुपित तसंही फुटतं.

चूक लपवणं

माझ्याबरोबरच्या एका इंटर्ननं स्वतःची स्टोरी क्लायंटच्या पेजवर टाकली. फोनवर दोन्ही खाती उघडी होती. घाबरून त्यानं ती गुपचूप उडवली. तोवर क्लायंटकडे स्क्रीनशॉट पोचलेला, आणि एजन्सीत कोणाला काहीच माहीत नाही! असं झालं तर आधी स्क्रीनशॉट घ्या आणि सीनियरला मेसेज नको, फोन करा. काय गेलं, कुठे गेलं, किती वेळ होतं, एवढंच सांगा. का झालं ते नंतर. छपाईतली चूक दिसली तर त्याच मिनिटाला. प्लेट बनण्याआधी फाइल बदलता येते, कागद छापून झाल्यावर उरते ती रद्दी. क्लायंटची खाती स्वतःच्या फोनवर ठेवूच नका, हे तर उघडच आहे.

टाइमशीट, म्हणजे कोणत्या कामाला किती तास गेले त्याची नोंद, तीही रोज भरा. शुक्रवारी आठवून भरलेली शीट कल्पनेवर चालते, आणि एजन्सी अनेकदा त्याच तासांवरून क्लायंटला हिशेब देते.

पोर्टफोलिओत सगळंच आपलं म्हणणं

शेवटच्या आठवड्यात विचारून घ्या, कोणतं काम दाखवायला परवानगी आहे. प्रसिद्ध न झालेलं सहसा दाखवता येत नाही. जे दाखवाल, त्यात तुमचा वाटा किती ते लिहा. मुलाखत घेणारा त्याच धंद्यातला असतो, एका फोनवर त्याला खरं कळतं. माझ्या पोर्टफोलिओत फिल्टरच्या त्या तीसपैकी एकही ओळ नाही. दुसऱ्या फेरीतल्या तीन आहेत, परवानगी घेऊन, आणि खाली लिहिलंय: पर्याय माझे, छापून आलेली ओळ सीनियर कॉपीरायटरची.