भोगीची बाजरीची भाकरी: ज्वारीचा हात बाजूला ठेवा

भोगीला सोलापुरात स्वयंपाकघराचं घड्याळ ग्रामदैवत सिद्धेश्वर महाराजांच्या हातात असतं. सकाळी नंदीध्वजांची, म्हणजे सात उंच मानाच्या काठ्यांची, मिरवणूक निघते, दुपारी संमती कट्ट्यावर महाराजांच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा असतो आणि त्याआधी घरात नैवेद्य झालेला हवा. त्यात या गड्ड्याच्या यात्रेला आलेले पाहुणे. म्हणजे भाकऱ्या दोन-चार नाही, चळतीनं लागतात. त्याही बाजरीच्या आणि तीळ लावलेल्या. वर्षभर जिच्या हातून ज्वारीची भाकरी हां हां म्हणता पातळ उतरते, तीच बाई त्या सकाळी परातीसमोर वैतागलेली असते. कड फाटते, उचलताना तुकडा हातात येतो आणि अर्धे तीळ तव्यावर सांडतात.

आपला जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. हाताला सवय ज्वारीची, बाजरी येते थंडीपुरती, आणि आपण तिला ज्वारीसारखंच थापायला जातो. तिथेच सगळं बिनसतं. मग कोणीतरी सांगतं की थोडी कणीक घाला. कोणी म्हणतं पिठात तेल घाला, कोणी म्हणतं प्लास्टिकच्या कागदावर लाटा. यातलं काहीही करू नका. कणीक घातली की भाकरी थापायला सोपी जाते हे खरं, पण मग ती थंड झाल्यावर चिवट होते आणि बाजरीची चवही मरते. भोगीला ती भाकरी खायची नसते.

पीठ

बाजरी दाण्याची आणा, निवडा आणि भोगीच्या दोन-तीन दिवस आधी दळा. तयार पिठाची पिशवी नको. बाजरीच्या दाण्यात तेलाचं प्रमाण ज्वारी-गव्हापेक्षा जास्त असतं. दळलं की ते तेल उघडं पडतं आणि काही दिवसांतच खवट व्हायला लागतं. बाजरी कडू लागते अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी बहुतेक वेळा जुनं पीठ खाल्लेलं असतं. चिमूटभर कच्चं पीठ जिभेवर ठेवून बघा. मागून कडवटपणा आला तर त्या पिठाच्या भाकऱ्या करू नका, कितीही तूप लावलं तरी तो जात नाही. शिवाय जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटून राहण्याची ताकद, गेलेली असते, ते धरूनच राहत नाही.

गिरणीवाल्याला बारीक दळायला सांगा, आणि जमलं तर ज्वारीच्या पाठीवर, म्हणजे ज्वारी दळून झाल्या झाल्या, दळून घ्या. डबा घरी आल्यावर झाकण उघडून पीठ गार होऊ द्या. चाळायचंच असेल तर मोठ्या भोकाच्या चाळणीनं. कोंडा टाकून द्यायचा असेल तर बाजरी खाण्यात काय अर्थ आहे?

तीळ

बिनपॉलिशचे, निवडलेले, कच्चे. भाजून घेऊ नका, तव्यावर भाजायचेच आहेत. आधी भाजलेले तीळ भाकरीवर दुसऱ्यांदा भाजले गेले की करपतात.

भाजी

ही आधी करून ठेवा, कारण एकदा भाकऱ्या सुरू झाल्या की दुसरीकडे बघायला फुरसत मिळत नाही. वालपापडी, घेवडा, गाजर, वांगी, मटार, डहाळ्याचे सोलाणे (ओले हरभरे), ओले शेंगदाणे, चार बोरं, मिळाला तर चाकवत. मंडईत भोगीच्या आदल्या दिवशी हे सगळं एकत्र वाट्यानं मिळतं, पण त्या वाट्यातली वांगी उघडून बघून घ्या. शिजायला वेळ लागणारं आधी घाला, वांगी आणि पाला शेवटी, पाणी घालायचं तर गरमच. काळं तिखट, मीठ, इवलासा गूळ, आणि उतरवायच्या आधी तीळ-शेंगदाण्याचं कूट.

तेलाबद्दल मात्र बोलायलाच हवं. तिळाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेलच असतो आणि शेंगदाण्याचंही तसंच. कूट पडलं की भाजी आपोआप तेल सोडते. फोडणीला चार माणसांमागे दोन चमचे तेल पुरतं. वर तवंग दिसल्याशिवाय भाजी झाली असं ज्यांना वाटत नाही, त्यांनी ती हौस दुसऱ्या एखाद्या दिवशी भागवावी.

पाणी आणि मळणं

आता खरं काम. मला सगळ्यात जास्त रडवलं ते या टप्प्यानं, तेव्हा इथे घाई करू नका.

गव्हाच्या कणकेत चिकटपणा धरणारं ग्लुटेन असतं. बाजरीत ते नसतं. मग भाकरी एकसंध राहते कशी? गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, थोडा शिजतो आणि तोच सगळ्याला धरून ठेवतो. म्हणून पाणी किती याच्याइतकंच पाणी कसं हे महत्त्वाचं. नळाच्या गार पाण्यात बाजरी मळली तर ती गोळ्यात असेपर्यंत शहाण्यासारखी वागते, थापायला घेतली की कडेनं चिरा पडायला सुरुवात.

परातीत दोन भाकऱ्यांपुरतं पीठ घ्या, किंचित मीठ टाका, मधे खळगा करा. चांगलं वाफाळतं पाणी त्या खळग्यात ओता आणि उलथन्यानं कालवा. हात घालू नका, पोळेल. एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी पाणी लागतं, पण ते सगळं एकदम ओतायचं नाही. अर्ध्याहून थोडं जास्त आधी, मग दोन-तीन मिनिटं झाकण. हात सोसेल इतकं निवलं की बाकीचं कोमट पाणी शिंपडत शिंपडत मळायला घ्या.

मळणं म्हणजे बोटांनी चिवडणं नव्हे. तळहाताच्या टाचेनं पीठ परातीवर पुढे रगडायचं, गोळा करायचं, पुन्हा रगडायचं. सुरुवातीला ते वाळूसारखं भसभशीत लागतं आणि आणखी पाणी घालायचा मोह होतो. तो आवरा. रगडत राहिलं की पीठ बदलतं, गुळगुळीत होतं, परात सोडायला लागतं. झालं की नाही हे बघायला लिंबाएवढा गोळा घेऊन अंगठ्यानं दाबा. कडेला चिरा पडल्या तर आणखी रगडा किंवा ओला हात फिरवा. बोटाला चिकटून वर आला तर पाणी जास्त झालंय, थोडं कोरडं पीठ मिसळा.

आणि सगळ्यात मोठी सूचना: वीस भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून झाकून ठेवू नका. ज्वारीला हे थोडंफार चालून जातं. बाजरीचा गोळा पडून राहिला की सुकतो, भेगाळतो, आणि मग वरून पाणी लावून तो सुधारत नाही. दोन भाकऱ्यांचं मळा, त्या थापा, पुढचं मळा. घरात दुसरं माणूस असेल तर एकानं मळायचं आणि एकानं थापायचं, तव्यालाही खंड पडत नाही.

दुकानातलं पीठ गळ्यात पडलंच असेल आणि ते धरतच नसेल, तर कणकेकडे वळण्याआधी हे करा. अर्धी वाटी पीठ दीड वाटी उकळत्या पाण्यात हलवत हलवत शिजवून पेजेसारखी उकड करा आणि कोमट झाल्यावर तिनंच बाकीचं पीठ मळा. शिजलेली बाजरी कच्च्या बाजरीला धरते. फक्त खवट पिठावर याचा इलाज नाही, हे पुन्हा सांगते.

थापणं

परातीत कोरडं पीठ पसरा, गोळा त्यात घोळवा, बोटांच्या पेरांनी थापा. ज्वारीला आपण मधे जोर देऊन भराभर गरगरवतो. इथे जोर कमी आणि डाव्या हाताचा आधार जास्त. उजवा हात थापतो, डावा हात कडेला वळण देत राहतो. कड जाड राहिली तर भाकरी फुगत नाही, म्हणून थापणं कडेकडून आत आणा. चीर दिसली की लगेच ओल्या बोटानं मिटवा. नंतर बघू म्हटलं की ती आतपर्यंत जाते.

पहिल्याच वर्षी पातळ करायला जाऊ नका. ज्वारीपेक्षा जरा जाड आणि आकारानं लहान ठेवा.

भाकरी जवळपास पुरी झाली की वरच्या बाजूवर ओला तळहात फिरवा, तीळ भुरभुरवा आणि सपाट हातानं हलके दाबा. मग पुन्हा दोन-चार थापा. पाण्याचा हात न फिरवता टाकलेले तीळ राहत नाहीत. गोळ्यातच तीळ मळायचा सल्लाही ऐकला असेल, तर विसरा. तीळ आतून भाकरीला जागोजागी तोडतात आणि भाजलेल्या तिळाचा वास येतच नाही.

तवा

लोखंडी, चांगला तापलेला. भाकरी दोन्ही तळहातांवर उचलून उलटी टाका, म्हणजे तिळाची बाजू खाली आणि पिठाळ बाजू वर. लगेच वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवा, पीठ कुठेही कोरडं पांढरं दिसता कामा नये. ते पाणी ओढलं जात आलं, पण बाजू पूर्ण कोरडी झाली नाही, अशा वेळी उलटा. लवकर उलटलीत तर तव्याला चिकटते, उशीर केलात तर वरचा पापुद्रा तडकतो. हा क्षण दोन-तीन भाकऱ्यांनंतर डोळ्याला कळायला लागतो.

आता पाणी लावलेली बाजू नीट भाजू द्या. ज्वारीवर तांबूस ठिपके दिसतात, बाजरी मुळातच काळपट-हिरवी, तिच्यावर ते पटकन दिसत नाहीत. म्हणून ठिपक्यांवर जाऊ नका. कड उलथन्यानं उचलून बघा, ती ताठ उभी राहिली आणि खमंग वास आला की झालं.

शेवटचं फुगवणं चुलीवर असेल तर भाकरी निखाऱ्याशी उभी करा, त्याला तोड नाही. गॅसवर मात्र तिळाची बाजू थेट जाळावर धरू नका. तीळ तडतडून बर्नरमध्ये पडतात आणि पुढच्या सगळ्या भाकऱ्यांना जळका वास लागतो. पुन्हा तीळ खाली करून तव्यावरच ठेवा आणि घडी केलेल्या फडक्यानं कडेकडेनं दाबा. वाफ आत फिरते आणि भाकरी फुगते. ज्वारीसारखी टम्म नाही फुगली तरी वाईट वाटून घेऊ नका. पापुद्रा सुटला म्हणजे आतून शिजली.

ताट

भाकरी, भाजी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत, राळ्याचा भात किंवा मुगाच्या डाळीची खिचडी. शेंगापोळी दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असं म्हणतात ते काही उगाच नाही. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण ६ मिलिग्रॅम लोह आणि ११ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, वर तिळाचं कॅल्शियम आणि स्निग्धता, आणि ताटभर हंगामी शेंगा-भाज्या. धान्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, म्हणून भाजीवर लिंबू पिळा. जेवण होताच चहा मात्र नको, तो नेमकं उलटं काम करतो. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं आणि दुकानं बाजरीच्या बिस्किटांनी भरली. पुड्यावरचा मजकूर वाचा, बऱ्याच पुड्यांत बाजरीच्या आधी मैदा नाहीतर साखर असते.

उरलेल्या भाकऱ्या

मुद्दाम चार जास्त करा. सोलापूरच्या पाहुण्याला कडक भाकरीशिवाय निरोप द्यायचा नसतो. यासाठीच्या भाकऱ्या हात बसल्यावर, म्हणजे शेवटी थापा, कारण त्या पातळ लागतात. नेहमीसारख्या भाजून झाल्या की आच अगदी मंद करा आणि फडक्यानं दाबत, उलटत-पालटत त्यातला ओलावा पूर्ण जाऊ द्या. गरम असताना मऊ वाटली तर परत तव्यावर. मग एकावर एक न ठेवता सुट्या पसरून गार करा. गरम भाकरी डब्यात गेली की तिला घाम सुटतो आणि सगळी मेहनत वाया. घट्ट झाकणाच्या डब्यात त्या आठवडाभर आरामात टिकतात. दही आणि शेंगाच्या चटणीसोबत तोडून खा, नाहीतर आमटीत चुरा.

उरलेलं पीठ फ्रीजमध्ये बंद डब्यात ठेवा आणि आठवड्यात धपाट्यांना संपवा.