इलेक्ट्रिक गाडीच्या हँडब्रेकची मोटर बदलताय? आधी या चुका टाळा

गेल्या जुलैत एक इलेक्ट्रिक गाडी फ्लॅटबेडवर चढून चिपळूणला आमच्या गॅरेजात आली. उजवं मागचं चाक जाम, डॅशबोर्डवर पिवळा दिवा आणि मालकाच्या हातात नव्या मोटरचा खोका. "काका, एवढी फक्त बसवून द्या. मार्चमध्येच बदलली होती, चार महिन्यांत परत गेली."

चाक उतरवलं. मोटर खरंच जळली होती. पण कॅलिपरची, म्हणजे चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी ब्रेकचे पॅड आवळणाऱ्या पकडीची, गाइड पिन (जिच्यावर कॅलिपर मागेपुढे सरकतो) काही केल्या बाहेर येईना. गंजाचं तेल मारून, पान्याने मागेपुढे फिरवत अर्ध्या तासाने ती निघाली, तेव्हा तिच्यावर तांबडा चिखल चढला होता आणि रबरी बूट एका बाजूने फाटलेलं होतं. आतला पॅड ब्रॅकेटमध्ये इतका घट्ट बसला होता की हातोडीने हळूहळू ठोकत काढावा लागला. म्हणजे दर वेळी हँडब्रेक लावताना ती मुठीएवढी मोटर गंजलेला अख्खा कॅलिपर ओढत होती. खोक्यातली तिसरी मोटर तशीच बसवली असती, तर तीही दिवाळीपर्यंत गेली असती.

मोटर बदलणं हे काम अवघड नाही. ती का गेली हे न बघता ती बदलणं, ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात महागाची चूक आहे.

ही मोटर करते काय

मागच्या कॅलिपरच्या पाठीवर दोन बोल्टांनी बसवलेली काळी प्लास्टिकची पेटी दिसते. तिच्यात १२ व्होल्टची छोटी मोटर आणि तिचा वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर असतात. ही पेटी कॅलिपरमधला आट्यांचा स्पिंडल फिरवते, स्पिंडलवरचा नट पुढे सरकून पिस्टन ढकलतो आणि पॅड डिस्कला आवळतात. ब्रेक एकदा आवळला की मोटरचा वीजपुरवठा बंद होतो, पकड आट्यांच्या जोरावर टिकते. म्हणून बॅटरी काढली तरी लागलेला हँडब्रेक सुटत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या निम्म्या चुका तिच्याशी जोडलेल्या आहेत. ब्रेक पुरेसा आवळला की नाही, हे गाडीचा कंट्रोलर बहुतेक वेळा मोटर किती करंट खेचते त्यावरून ओळखतो. पॅड डिस्कला टेकले की करंट चढतो, ठरलेल्या पातळीला पोहोचला की कंट्रोलर पुरवठा तोडतो. पिन गंजली असेल तर पॅड नीट आवळले जाण्याआधीच करंट चढतो, आणि कंट्रोलर गोंधळतो.

पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक गाडीत हे जास्त दिसतं. पाय उचलला की गाडी रिजनवर (चालवणारी मोटरच वीज बनवून बॅटरीत परत भरते, त्या ओढीने) हळू होते आणि मागचे पॅड दिवसेंदिवस डिस्कला जेमतेम लागतात. घासले न गेलेले पॅड, डिस्क आणि पिना गंजतात. आमच्या कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि वर खारी हवा, त्यामुळे दोन वर्षांची गाडीही खालून दहा वर्षांची वाटते.

मोटरला दोष देण्याआधी कान लावा

एकाने स्विच दाबायचा, दुसऱ्याने चाकाजवळ उकिडवं बसून ऐकायचं. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, वायर किंवा कनेक्टर आधी बघा. मोटर मोकळी फिरल्यासारखा लांब, एकसुरी आवाज येतो पण चाक अडत नाही, तर गिअरचे दात किंवा आतला पट्टा गेलेला असतो. अशा वेळी मोटरचं युनिट बदलायलाच लागतं. कण्हल्यासारखा आवाज करून मध्येच थांबते, तर पिन, पॅड किंवा स्पिंडल जाम आहे. तिथे नवी मोटर लावून काहीही साधत नाही.

नंतर १२ व्होल्टची बॅटरी. ईव्हीत, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीत, मोठी बॅटरी असते म्हणून छोटीकडे कुणी बघत नाही, पण हँडब्रेक त्या छोटीवरच चालतो. गाडी बंद असताना ती १२.५ व्होल्टच्या आसपास हवी. १२ च्या खाली असेल तर हँडब्रेकची चूक दाखवणारा कोड आधी तिच्यामुळे आलाय का ते तपासा. स्कॅनरवरचे (गाडीतल्या चुकांची नोंद वाचणाऱ्या यंत्रावरचे) कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. पुसून टाकलेला कोड दुसऱ्या दिवशी परत येतोच असं नाही, आणि माग हरवतो.

कनेक्टर तपासताना मल्टिमीटरवर भरवसा ठेवून फसणारे बरेच आहेत. एकतर या तारांना वीज मिळते ती फक्त स्विच दाबल्यावर, थोडे सेकंद. शिवाय तांबं आतून हिरवं पडलेल्या तारेतूनही मीटर बारा व्होल्ट दाखवतं, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. मी तिथे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावतो. स्विच दाबल्यावर बल्ब लख्ख पेटला तर वायर ठीक आहे, मिणमिणला तर वायर शोधत पुढे जायचं. बहुतेक वेळा ती चाकाबरोबर वरखाली हलणाऱ्या वळणावर तुटलेली सापडते.

हँडब्रेक सोडला की गाडी मोकळी आहे

हे मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो. पेट्रोल गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवायची सवय ईव्हीत चालत नाही. तिथे बहुतेक गिअर एकच असतो आणि बंद मोटर चाक धरून ठेवत नाही. काही गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये पार्किंगची अडक असते, काहींमध्ये नसते. टेस्लाच्या गाड्यांत पार्क म्हणजे मागचा हँडब्रेकच. गॅरेजची फरशी सपाट वाटते, पण पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. दीड-दोन टनांची गाडी त्या उतारावर आवाज न करता सरकते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मगच सर्व्हिस मोड सुरू करा (तो काय, ते पुढे सांगतो).

जॅक लावायची जागाही बघून घ्या. खाली मध्यभागी सगळी बॅटरी आहे. तिच्या पेटीवर जॅक लावू नका, कंपनीने दाखवलेल्या चार ठिकाणीच लावा आणि गाडी स्टँडवर टेकवा. नारिंगी केबलला हात लावू नका, तिच्यात मोठ्या बॅटरीची जास्त व्होल्टची वीज असते. हँडब्रेकच्या कामात तिची गरज कुठेच येत नाही.

सर्व्हिस मोड टाळणं

सर्व्हिस मोड म्हणजे गाडीला सांगायचं की नट पूर्ण मागे घे आणि मी म्हणेपर्यंत ब्रेक लावू नकोस. काही गाड्यांत तो स्क्रीनवर असतो, काहींना स्कॅनर लागतो. तो न करता हात घालणारे म्हणतात, गाडी बंदच आहे ना. पण दार उघडलं, खिशातली किल्ली जवळ आली किंवा कुणी मोबाइल अॅपवरून गाडी चालू केली, तर ईव्ही जागी होते, आणि काही गाड्या लगेच हँडब्रेक लावतात. पॅडवरचा जोर एक टनाहून अधिक असतो. त्यात बोट सापडलं तर ते बोट राहत नाही. किल्ली काम करणाऱ्यांपासून लांब, डब्यात ठेवा आणि मालकाला सांगा की फोनवरून गाडी बघू नका.

१२ व्होल्टची बॅटरी काढायची असेल तर ती सर्व्हिस मोडनंतर. क्रम उलटा केला तर ब्रेक आवळलेलाच राहतो आणि सोडवायला वीज नसते.

पिस्टन क्लँपने दाबणं

पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलायला सी-क्लँप लावायची जुनी सवय इथे कॅलिपर खाते. पिस्टनच्या मागे स्पिंडलचा नट उभा असतो. तो मागे घेतल्याशिवाय दाबलं तर पिस्टन नटावर आपटतो आणि आटे किंवा आतले गिअर तुटतात. मग शंभर रुपयांच्या घाईपायी अख्खा कॅलिपर बदलावा लागतो.

मोटर मेली आणि ब्रेक आवळलेला राहिला, तर दोन बोल्ट काढून पेटी बाजूला करा. मागे स्पिंडलचं दातेरी टोक दिसतं. ते हाताच्या पान्याने हळूहळू फिरवून नट मागे घेता येतो. फिरवण्याची दिशा गाडीगणिक बदलते, मॅन्युअलमध्ये बघा. इम्पॅक्ट गन इथे अजिबात वापरू नका. आणि पाइप उघडायची गरज नाही. फक्त मोटर बदलताना ब्रेक ऑइल सांडतच नाही. सांडलं असेल तर काहीतरी चुकीचं उघडलंय.

बॅटरीवरून थेट वीज देणं

दोन तारा, एक बॅटरी, मोटर फिरते की नाही बघू. हा जुगाड सगळीकडे होतो आणि बऱ्याच नव्या मोटरी याच जुगाडाने जातात. कंट्रोलर करंट बघून थांबवतो; तुमच्या तारा थांबवत नाहीत. नट शेवटाला पोहोचतो, मोटर जोर लावत राहते आणि आतले प्लास्टिकचे दात भुगा होतात. पेटी कॅलिपरपासून सुटी करून, मोकळी, अर्धा-एक सेकंद फिरवून बघितली तर ठीक. बसवलेली असताना कधीच नाही.

ओ-रिंगची हलगर्जी

पेटी आणि कॅलिपर यांच्या मध्ये एक रबरी ओ-रिंग असते. जुनी परत वापरली, कोरडी बसवली, किंवा बसवताना दुमडली, तर पाणी आत जातं. पावसाळ्यात हे काही आठवड्यांत कळतं. बसण्याची जागा ब्रशने चकचकीत करा, ओ-रिंगला रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस पातळ चोळा. साधं पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवतं.

पेटी हाताने दाबून पूर्ण टेकली पाहिजे. टेकत नसेल तर दाते जुळलेले नाहीत. थोडी फिरवून परत लावा. बोल्ट आवळून ती ओढून घेण्याचा प्रयत्न केला की प्लास्टिकचा कान तुटतो. बोल्टही बहुतेक गाड्यांत १० न्यूटन मीटरच्या आसपासच आवळायचे असतात, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाच्या जोरावर. कनेक्टरचा टिक आवाज ऐकू आला पाहिजे, आणि चाक पूर्ण खाली लोंबकळत असतानाही वायर ताणली जाता कामा नये.

पहिला ब्रेक खाली जातो

ही चूक ईव्हीत खास धोक्याची आहे. काम झाल्यावर पॅड डिस्कपासून लांब असतात. पेट्रोल गाडीत गॅरेजच्या दारातच ब्रेक दाबावा लागतो, तिथेच कळतं. ईव्ही रिजनवर थांबत थांबत दोन किलोमीटर जाते, ब्रेकच्या पेडलला पाय लागतच नाही, आणि पहिल्यांदा दाबण्याची वेळ येते ती घाटाच्या वळणावर. पेडल थेट तळाला जातं आणि ब्रेक लागत नाही. म्हणून गाडी चालू करून, ठोकळे तसेच ठेवून, पेडल घट्ट होईपर्यंत हळूहळू दाबा. त्यानंतर सर्व्हिस मोड बंद करा, स्कॅनरने कॅलिब्रेशन करा (कंट्रोलरला नटाची नवी जागा शिकवा), हँडब्रेक चार-पाच वेळा लावा-सोडा.

मग चाक हाताने फिरवून बघा. सुटल्यावर ते मोकळं फिरलं पाहिजे. पाच-सात किलोमीटर चालवून दोन्ही मागच्या डिस्कचं तापमान लांबून मोजायच्या गनने बघा. एक बाजू खूप गरम असेल तर ब्रेक घासतोय, आणि गाडीची रेंजही तिथेच खर्च होतेय. शेवटी उतारावर उभी करा, एकदा तोंड वर, एकदा तोंड खाली.

त्या जुलैच्या गाडीला आम्ही पिना घासून, नवी बूटं घालून, ब्रॅकेटचा गंज खरवडून मगच खोक्यातली मोटर लावली. कुंभार्ली घाटाच्या पायथ्यापर्यंत चालवून आणली. दोन्ही डिस्क सारख्याच गरम. मालकाला सांगितलं की पावसाळ्याआधी आणि नंतर पिना साफ करून घ्या, आणि आठवड्यातून एकदा मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे कुणी नसताना गाडी न्यूट्रलला टाकून दोन-चार वेळा नीट ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क घासून स्वच्छ राहतील. तो निघायला लागला, तेव्हा डावं चाकही उघडूया म्हणालो. त्या बाजूची मोटर अजून चालू होती. पिन मात्र निम्मी जाम झालेली.